सासऱ्यांचे उघडे तळहात

आदरणीय नणंदबाई, बुरुल एजे,

जनावरं सुखरूप, माणसं सुखरूप, तुमचे गुडघे तुमचं ऐकतात, असं धरून लिहायला बसले आहे. (आम्ही सुखरूप आहोत का, ते पुढे वाचून तुम्हीच ठरवा.) तुमच्या नारिनला येणारी गाडी दुपारी निघेल. ड्रायव्हर पत्र तुमच्याच हातात देईल. तुमच्या सासऱ्यांसमोर उघडू नका.

परवाचा कार्यक्रम तुम्ही पाहिलाच असेल. रक्ताच्या आजारावर उपचार घेणाऱ्या मुलांच्या आया बिश्केकमध्ये हॉस्पिटलच्या जिन्यात झोपतात. त्यांना निवारा मिळावा म्हणून दरवर्षी मी हा कार्यक्रम टीव्हीवर करते, थेट. यंदा मदतीचे फोन वाजतच नव्हते. प्रेक्षक गप्प. आणि तुमचा भाऊ साऱ्या देशाला हसवत असला तरी शांततेला फार घाबरतो हो. मी नियंत्रण कक्षातून त्याच्या कानात सांगत होते, "पाहुण्यांकडे वळ." तो वळला आणि म्हणाला, "फोन उचलायला हात दुखतात का? मग आमचंच घर घ्या. बायको तशी फार जागा व्यापत नाही."

लोक हसले. पहिल्या रांगेत बसलेले तुमचे सासरे हसले नाहीत. (वयाचा मान म्हणून मीच त्यांना तिथे बसवलं होतं.) त्यांनी दोन्ही तळहात उघडले आणि दुवा द्यायला लागले: हे घर वाढो, देणाऱ्यांचा उंबरा झिजो. माझं बोट जाहिरातीच्या बटणावर होतं, एजे. दाबलं असतं तर दुवा अर्धी राहिली असती. पण अर्धी दुवा तोडायला माझं बोट धजेना. ते थांबले तशी सगळ्यांनी "ओमीन" म्हणत तोंडावरून हात फिरवले. मीही, आणि ओमीन म्हटलं की दिलेला शब्द मोडता येत नाही. कॅमेरावाल्यांनीही कॅमेरे सोडले, म्हणून तुम्हाला तेवढा वेळ छत दिसलं.

घरी जाताना गाडीत आमची दोघांची जुंपली.

"तू थांबवायचं होतंस."

"तू बोलायचं नव्हतंस."

"माझं बोलणं आजवर कोणी खरं धरलंय का?"

"आज धरलं."

हे घर, एजे, आम्ही बारा भाड्याच्या खोल्या बदलल्यावर मिळालं. जर्दाळूला यंदा पहिल्यांदा फुलं आली. आणि आज सकाळी फाटकाशी तालासहून आलेली बाई, गुलसून, मुलाला कडेवर घेऊन उभी. "ताई, हेच ना ते दुवा दिलेलं घर? आमची खोली कुठली?" मी म्हटलं, आधी चहा घ्या. एवढं आयुष्य मदत मागण्यात गेलं, पण स्वतःचं फाटक उघडावंसं वाटेना, हे तुमच्याशिवाय कोणाला सांगू?

म्हणून पाया पडून मागते. सासऱ्यांचं पोट भरलेलं आणि मन निवलेलं बघून विचारा, की थट्टेवर दिलेली दुवा परत घेता येते का. हात त्यांचेच उघडले होते, त्यांनाच पुन्हा उघडावे लागतील.

तुमची धाकटी भावजय,
आयसालकिन

ता. क. चहा द्यायला आत गेले होते. औषधांनी केस गेलेला तो मुलगा, बेकतुर, टेबलाशी बसलाय आणि तुमचा भाऊ त्याच्यासमोर हट्टी मेंढ्याची नक्कल करतोय. मुलगा हसला नाही. म्हणाला, "काका, टीव्हीवर बरं करता." तुमचा भाऊ मेंढ्यासारखाच बघत राहिला. आता म्हणतो, हा पोरगा हसेपर्यंत कुठे जायचा नाही. गुलसून आमच्या खोलीत बसल्या बसल्या झोपलीय. तिच्या पायातले बूट मी काढले.

ता. क. दुसरा. पत्र फाडून नवं लिहिलं असतं, पण ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. तुमच्याकडच्या लोकरीच्या जाड गाद्या असतील तेवढ्या पाठवा. आणखी दोघी आया मुलांना घेऊन रविवारी येताहेत. सासऱ्यांना काही विचारू नका. आणि यातलं काही आधीच त्यांच्या कानावर गेलं असेल, आणि ते हात उघडायला लागले, तर चटकन त्यांच्या हातात चहाचा पेला द्या. काठोकाठ भरून.