दाजींना विचारलेला अंदाज

॥ श्री ॥
माजलगाव,
६ एप्रिल २०२५

चि. नवनाथ यास,

आशीर्वाद. रीत आहे म्हणून लिहिला, आज तो मनातून आलेला नाही.

फोन करत नाही, कारण मी आवाज चढवला की तुझ्या चाकणच्या कंपनीतली रेंज नेमकी जाते. दिव्याच्या लग्नाची पत्रिका मिळाली. जावयाचं नाव ठसठशीत छापलंय, निमिष. अक्षता सकाळी, रिसेप्शन संध्याकाळी रावेतच्या लॉनवर. वाचून देवापुढे ठेवली. तिथवर सगळं गोड होतं.

परवा तुझा ह्यांना फोन आला. फोन घेऊन हे गच्चीवर गेले ते बराच वेळ उतरलेच नाहीत. खाली आले तेव्हा चेहरा असा खुललेला, की मला वाटलं काही आनंदाची बातमी आहे. जेवायला बसले आणि बोलायला लागले. मे महिन्याची काहिली, म्हणजे बिअर जास्त उठेल. कंपनीतली माणसं व्हिस्कीवर बसतील. मुलाकडचे शहरी, त्यांच्यासाठी वाईन ठेवावी लागेल आणि ती उरेल. पिणार नाही म्हणणाऱ्यांतले निम्मे पितातच, तेव्हा तेही धरायचे. बर्फ कमी पडला तर माणसं दारू कमी पडल्यासारखी चिडतात. नवनाथ, हा माणूस जेवताना मीठ मागण्यापलीकडे माझ्याशी बोलत नाही. दारू सुटल्यापासूनच्या चार वर्षांत पहिल्यांदा इतकं भरभरून बोलला आणि कशावर बोलला? मी ताट सारून उठले.

तुला सगळ्या पिंपरी-चिंचवडात दुसरं कुणी मिळालं नाही? दारूपायी ज्याची भोसरीची नोकरी गेली, ज्याला घेऊन मी बदली मागून इथे आले, ज्याचे हात इतके थरथरायचे की शर्टाची बटणं मी लावून द्यायचे, त्याला तू विचारतोस की एवढ्या पाहुण्यांना बाटल्या किती लागतील. विचारताना जीभ अडखळली नाही तुझी?

मी येईन, अक्षता टाकीन, जेवून दुपारच्या गाडीनं परत निघेन. हे येणार नाहीत. रिसेप्शनला आमची वाट बघू नकोस. तुझी बायको स्वरूपा, तिच्यावर माझा राग नाही. तिनं तुला अडवायला हवं होतं, पण तुझ्या घरात कोण कुणाला विचारतं!

लोभ आहे. तो वाढवायची ताकद आज नाही.

तुझी,
कुसुमताई


पुनावळे,
१४ एप्रिल २०२५

ती. कुसुमताईस,

नवनाथचा शि. सा. न. वि. वि. नमस्कार वाकून केलाय, पुढचं ताठ मानेनं लिहितो.

मला एकच मुलगी आहे. कंपनीतल्या आमच्या प्रेस शॉपमधल्या प्रत्येकाच्या घरच्या लग्नात मी जेवलोय आणि प्यायलोय. आता माझ्या दारी कार्य आहे, आणि मी त्यांना मठ्ठा पाजून घरी पाठवू? हरिहरराव, म्हणजे निमिषचे वडील, वाकडला राहतात. स्वतः थेंब घेत नाहीत. पण मुलाच्या मित्रांची काही सोय झाली तर बरं, असं म्हणाले. व्याही बरं म्हणतात त्याचा अर्थ मुलीच्या बापाला कळतो. एका दिवसाच्या परवान्याचा अर्जही भरलाय. राहिला प्रश्न किती आणायची याचा. दुकानदाराला विचारावं तर तो फुगवून सांगणार. मित्रांना विचारावं तर एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे. कमी पडली तर भर मांडवात माझी लाज जाईल. ह्या बाबतीत मला दाजींएवढा जाणता माणूस माहीत नाही. विचारलं. गुन्हा केला का?

आणि खरं बोलायचं तर तू त्यांना कुलपात ठेवलंयस, ताई. खताच्या दुकानातून घर, घरातून दुकान. जरा उशीर झाला की फोन. दारातच जवळ जाऊन वास घेतेस. हे त्यांनी नाही सांगितलं, तूच सांगितलंस आणि तेही अभिमानानं. अशा माणसाला कुणी जाणता समजून काही विचारलं तर त्याचा चेहरा खुलणारच.

नंतर कळून आणखी भडकशील म्हणून आत्ताच सांगतो. मी दाजींना लग्नाच्या आधी आठ-दहा दिवस बोलावलंय. लॉनवर काउंटरपाशी घरचा माणूस उभा हवा, नाहीतर वाढपी बाटल्या पळवतात. ते येतो म्हणालेत.

रिसेप्शनला आत्या नाही म्हटल्यावर दिव्या स्टेजवर कुणाला शोधेल ते तूच ठरव.

राग धर, पण ये.

तुझा,
नवनाथ


माजलगाव,
५ मे २०२५

नवनाथ,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं. आज राहवलं नाही. आशीर्वाद दिव्याला, तुला नाही.

काउंटरपाशी उभं करणार आहेस. बाटल्यांवर राखण ठेवणार आहेस, त्यांची. मी त्यांना कुलपात ठेवलं म्हणतोस. हो, ठेवलं. दवाखान्याच्या खाटेला ह्यांचे हात बांधले होते तेव्हा तू बघायला आलास, दहा मिनिटं थांबलास आणि शिफ्ट आहे म्हणून निघालास. मी तिथेच होते. हात सोडल्यावर ह्यांनी पहिली थप्पड मला मारली. ते कुलूप मला त्या दिवशी मिळालं. तुला हवंय का? घेऊन जा.

काल सकाळी हे बॅग भरून निघाले. मी दारात आडवी उभी राहिले. प्यायला चाललाय, असं मी मोठ्यानं म्हणाले. शेजारच्या दोघी बाहेर आल्या. ह्यांनी फक्त बाजूला हो म्हटलं आणि एसटी गाठली. रात्री तुझा फोन आला, दाजी पोचले म्हणून. मी लगेच ठेवला. आणखी बोलले असते तर बहीण म्हणून जे बोलू नये ते बोलले असते.

ह्यांच्या पोटात एक थेंब जरी गेला, तरी तुझ्या दाराची पायरी मी पुन्हा चढणार नाही.

एवढंच.

कुसुम


पुनावळे,
९ मे २०२५

सौ. कुसुम हिस,

अनेक आशीर्वाद, ते देण्याइतका मी मोठा आहे असं तुला वाटत असेल तर.

फोनवर तू माझे शब्द ऐकत नाहीस, जीभ ऐकतेस. म्हणून लिहितोय. अक्षर बघून घे, सरळ आहे. मी प्यायलेलो नाही.

दारात तू सगळ्यांदेखत जे बोललीस त्याचा राग अजून उतरलेला नाही. चार वर्षं मी तुझ्याशी खोटं बोललो नाही, आणि तू मात्र रोज माझी झडती घेतलीस. पण निघताना मी तुला खरं कारण सांगितलं नाही, हेही तितकंच खरं. माझी खात्री नव्हती. उगाच तुझ्या भावावर आळ नको होता.

नवनाथनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला बरं वाटलं. गच्चीवर मी मजेत बोललो, नाही म्हणत नाही. पण काही दिवसांनी त्यानं पुन्हा फोन केला आणि तेच सगळं विचारलं, पहिल्यांदाच विचारतोय असं. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा फोन आला तो सकाळी, दुकान उघडताना. पाहुणे तेवढेच, बाटल्या मात्र त्याच्या हिशेबात वाढलेल्या. आणि जीभ जड. ती जीभ मी लगेच ओळखली. वर्षानुवर्षं माझ्या तोंडात होती.

म्हणून आलो. इथे दिवाणाखाली खोकी सापडली. चव बघून काय ते ठरवू, म्हणून त्यानं आधीच आणून ठेवलेली. बऱ्याचशा बाटल्या रिकाम्या, टोपणं लावून पुन्हा जागेवर ठेवलेल्या. स्वरूपा दारात उभी राहून बघत होती. तिला सगळं ठाऊक आहे. लग्न पार पडू द्या, मग बघू, असं म्हणाली. मी नवनाथला एकट्याला गाठून बोललो. तो हसला, आणि दाजी, तुम्हाला सगळीकडे दारूच दिसते, असं म्हणून आंघोळीला गेला.

काल संध्याकाळी हरिहरराव आणि निमिष लॉनचं ठरवायला आले. नवनाथनं त्यांच्यासमोर मला मोठ्या कौतुकानं अंदाज सांगायला लावला. मी म्हणालो की पाहुण्यांचा अंदाज मी सांगतो, यजमानाचा मला लागत नाही. आणि काउंटरला मी उभा राहणार नाही, राहिलो तर पिईन. मग दिवाणाखालची खोकी ओढून मध्ये ठेवली.

त्यानं माझी कॉलर धरली. बेवड्यानं मला शिकवायचं नाही, असं ओरडला. माझी बॅग जिन्यात भिरकावली. ती दिव्या उचलून आत घेऊन आली. रिसेप्शनला एक बाटली जरी दिसली तरी मी स्टेजवर चढणार नाही, असं तिनं बापाला सांगितलं. आवाज जराही कापला नाही पोरीचा. निमिष म्हणाला, मित्रांची समजूत मी काढतो. हरिहरराव उठून चपला घालायला लागले. स्वरूपा भिंतीला टेकून खाली बसली. बहुतेक लग्न मोडलं असं तिला वाटलं. ते पाहून हरिहरराव परत फिरले, खुर्चीवर बसले आणि तिच्याकडे चहा मागितला.

व्याह्यांसमोर बोलायला नको होतं, असं तू म्हणशील. मीही तेच म्हणतोय. पण चारचौघांत बोललो नसतो तर त्यानं ऐकलं असतं का, हे तू सांग. तुला अनुभव आहे.

ये. माझ्यावर नजर ठेवायला नको येऊस, भावाकडे ये.

अर्जुन


माजलगाव,
११ मे २०२५

सौ. कुसुमचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ट्रॅव्हल्सवाल्यानं आज दिलं, हे उत्तर त्याच्याच हाती परत पाठवते. वाचून आधी तुमचाच राग आला. संशय होता तर मला सांगायला काय झालं होतं? मग माझाच आला. तुमच्या तोंडाचा वास घेत बसले, आणि पाठचा भाऊ तुम्हाला इतक्यांदा फोन करत राहिला तरी मला काही कळलं नाही.

उद्याच्या गाडीनं येते, रिसेप्शनलाही थांबेन. नवनाथशी बोलणार नाही. बोलायला लागले तर हात उचलेन, आणि लग्नघरात ते बरं दिसणार नाही. दारात जे बोलले ते शेजारणींसमोर परत घेईन, तुम्ही घरी आल्यावर. तोवर जेवत जा.

कुसुम


पुनावळे,
२१ मे २०२५

ती. कुसुमताईस,

शि. सा. न. अक्षर वाकडं आलंय, तो अपमान समजू नकोस. हात अजून ताब्यात नाही.

तुझ्या नवऱ्याला घेऊन जा. हे लिहायलाच बसलोय.

माझ्या घरात, माझ्या व्याह्यांसमोर, माझी अब्रू काढली त्यांनी. रिसेप्शनला पन्हं आणि मठ्ठा. माझ्या लाइनवरचा प्रितम ताट घेताना म्हणाला, साहेब, हे लग्न आहे की तेरावं? सगळे हसले. मीही हसलो. प्रेस शॉपची माणसं जेवली आणि आइस्क्रीमला न थांबता निघाली. सोमवारी कंपनीत कोणत्या तोंडानं जायचं याचा विचार करत होतो, तर डॉक्टरांनी जायचंच नाही असं सांगितलं. दिव्यानं ठणकावल्यापासून एकदम सोडली म्हणून रक्तदाब चढलाय. गोळ्या दिल्यात, माणूस सतत जवळ हवा म्हणाले.

तू आलीस, दिव्याला ओवाळलंस, स्वरूपाला जवळ घेतलंस, माझ्याशी एक अक्षर बोलली नाहीस. सकाळी उठलो तर तू निघून गेलेली. ठीक आहे.

स्टेजवर मी दोन्ही हात खिशात घालून उभा होतो. लोकांना वाटलं असेल, मुलीचा बाप मिजाशीत आहे. मग फोटोवाला म्हणाला, बाबांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवा. ठेवला. तिच्या केसांतला गजरा हलायला लागला, ताई. सगळ्यांना दिसत होतं. मला हात उचलताही येईना आणि ठेवताही येईना. दाजी कधी वर आले कळलं नाही. मागून त्यांनी माझं कोपर धरून ठेवलं. दिव्यानं मान वर केली नाही, नुसता स्वतःचा हात माझ्या हातावर ठेवला. तू खाली उभी होतीस आणि तोंड फिरवलंस. पदर डोळ्यांना लावलास, तोही मी बघितलाय. नाही म्हणू नकोस.

आता दाजी हॉलमध्ये झोपतात. माझ्या आधी उठतात. खाली दुधाला निघालो तरी चपला घालून मागे. काल मी त्यांना आईवरून शिव्या दिल्या. शांतपणे ऐकून घेतल्या, आणि ह्या सगळ्या मी कुसुमला देऊन झाल्यात, नवीन असेल तर सांग, असं म्हणाले. स्वरूपा स्वयंपाकघरात हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मला त्याचाही राग आला.

सकाळपासून हे पत्र लिहितोय. त्यांना घेऊन जा, एवढंच लिहून पाकीट बंद करायचं होतं. दोनदा केलं आणि दोनदा फोडलं. मला सुट्टी महिनाअखेरपर्यंत आहे. तोवर राहू दे त्यांना. तू तिकडे एकटी आहेस, कळतं मला.

लोभ असावा असं लिहायला तोंड नाही. दाजी तेवढे असू देत.

तुझा,
नवनाथ