आमच्याकडे असं होत नाही

७ जुलै, सोमवार

आमच्या प्रोग्रामर सुमंतनं आज पुन्हा मी नोंदवलेला बग, म्हणजे ॲपमधली चूक, दुरुस्त न करताच बंद केला! शेरा तोच — ‘आमच्याकडे असं होत नाही.’

होत नाही म्हणजे? माझ्या लहान भावानं, प्रशिकनं, मेसेज पाठवला अन् मले तो मिळाला नाही. ॲप आमच्याच कंपनीचं. घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये मीच हौसेनं टाकून दिलेलं. मे महिन्यात आई दवाखान्यात अन् मी ऑफिसच्या कामासाठी काही दिवस पुण्यात. फोनवर घरचे म्हणे, साधा ताप आहे. मग एकदम बिघडलं. तेव्हा प्रशिकनं लिहिलं होतं — ‘ताई, आई तुले बोलावून राहिली. लगेच निघ.’ तो मेसेज आलाच नाही. दुसऱ्या दिवशी बाबाचा फोन आला, तोवर आई गेली होती.

सुमंत म्हणे, “कसं झालं ते एकदा करून दाखव, लगेच दुरुस्त करतो.” चूक नाही त्याची. ॲप तपासायले येणाऱ्या नवीन टेस्टर पोरींना मीसुद्धा हेच शिकवते.

९ जुलै

प्रशिक जेवायले बसला की बाबा ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जातात. दोन महिने झाले, घरात हेच चालू आहे. “ताईले बोलाव म्हणून सांगितलं होतं, एक फोन नाही करता आला तुले? पोरीले आईचं तोंड नाही पाहू दिलं!” — एवढंच शेवटचं बोलले त्याच्याशी. मेसेज पाठवला होता यावर त्यांचा विश्वासच नाही. खोटारडा म्हणतात. प्रशिक खाली मान घालून जेवतो अन् उठून जातो. मले पाहावत नाही.

बग सापडला की बाबासमोर नेऊन ठेवीन. पाहा म्हणीन, पोराची चूक नव्हती!

१२ जुलै

दिवसभर दोन फोन समोर ठेवून मेसेज पाठवत बसली. मेले सगळेच्या सगळे पोचले.

१५ जुलै

पुरावा काहीच उरला नाही. प्रशिकचा तो फोन त्याच गडबडीत पडून फुटला. सर्व्हरवरच्या नोंदी महिन्याभरानं पुसल्या जातात. म्हणजे पुन्हा घडवून दाखवणं, एवढंच हातात आहे.

ऑफिसात माझ्या बाजूले मधुवंती बसते. ती म्हणाली, “सोड ना गं आता. काकू परत येणार आहेत का?”

नाही येणार. मले माहीत आहे. पण आई मले बोलावत होती, दरवाज्याकडे पाहत असेल, अन् मी तिकडे पुण्यात मैत्रिणींसोबत पावभाजी खाऊन राहिली होती — हे घशाखाली उतरत नाही. आज बाथरूममध्ये जाऊन रडली. तोंड धुऊन पुन्हा कामाले बसली.

२० जुलै, रविवार

प्रशिकले घेऊन धंतोलीत आई होती त्याच दवाखान्यात गेली. त्या दिवशी जसं झालं तसंच्या तसं करून पाहायचं होतं. तो नको नको म्हणत होता. “काहून जीव काढून राहिली वं ताई? जाऊ दे ना!” मी कुठं ऐकते!

कुठं उभा होता तू? म्हणे, खाली पार्किंगमध्ये. तिथं गेलो. नेटवर्क फुल. मग म्हणे, नाही, लिफ्टमध्ये होतो. लिफ्टमधून पाठवला — जरा उशिरा, पण पोचला. नेट चालू होतं का? होतं. मग म्हणे, बहुतेक बंद होतं. बिचारा घामाघूम झाला. आईच्या वॉर्डसमोर आलो तं भिंतीले टेकून उभाच राहिला. बाहेर टपरीवर चहा घेतला, तो त्यानं तसाच ठेवून दिला. मीच म्हटलं, चाल घरी.

२१ जुलै

एक गोष्ट खटकून राहिली. तो जागा बदलत का होता?

छे! काहीतरीच. दुःखात माणसाले काय आठवते!

२३ जुलै

संध्याकाळी गच्चीवर कपडे काढत होती. प्रशिक मागून आला.

“ताई, नोको शोधू. मी मेसेज पाठवलाच नव्हता.”

मी हातातले कपडे कठड्यावर टाकले. काहून नाही पाठवला?

“आईनं मना केलं होतं. म्हणे, तिले नोको सांगू, मागच्या आजारपणात माझ्यासाठी आली तं पोरीचं प्रमोशन हुकलं. दोन दिवसात उठून बसीन म्हणे. मी ऐकलं वं. नव्हतं ऐकायले पाहिजे.”

मग ‘आई बोलावून राहिली’, ते?

“ते मी मागून बनवलं. तू आली अन् तशी रडली... आईनं तुले बोलावलंच नाही, हे कोणत्या तोंडानं सांगू?”

पाठीत धपाटे घातले त्याले. जोरात. मग त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. तो म्हणे, बाबाले सांगून टाक, माझी तयारी आहे. बाबा काय म्हणतील ते मले माहीत आहे. ‘तिनं तापात म्हटलं अन् तू ऐकलं?’ त्याले या जन्मात माफ नाही करणार.

म्हणजे आई माझी वाट पाहत नव्हती. याचं बरं वाटावं का वाईट? मले तं दोन्ही वाटून राहिलं.

२४ जुलै

सकाळी बाबाले सांगितलं — बग सापडला. मेसेज आमच्या ॲपमध्येच अडकला होता.

बाबा उठून उभे राहिले. मग म्हणाले, “कुठं आहे तो? लय बोललो वं मी पोराले.”

मी प्रशिकले हाक मारली.