नाव न घेण्याच्या अटीवर

बोर्ली पंचतन,
३ मे

ती. कमळाआत्यास,

विवेकचा सविनय जय भीम. तुझा डावा गुडघा कसा आहे ते आधी कळव, उजव्याचं नंतर बघू. गोळ्या वेळेवर घेतेस का? (घेत नसशील. आयुष्यभर अलिबागच्या दवाखान्यात दुसऱ्यांना गोळ्या गिळायला लावल्यास, स्वतःची वेळ आली की तुला चव आठवते.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. एक तर माझा मोठा फोन आमच्या पोरीनं, मैत्रीनं काढून घेतलाय आणि मला बटणांचा जुना फोन दिलाय. त्यावरून काही विकत घेता येत नाही, म्हणूनच दिलाय. दुसरं म्हणजे फोनवर तू 'काय रे, कसा हायस' म्हणालीस की मी 'मजेत' म्हणून मोकळा होतो. कागदावर खोटं लिहायला हात जड जातो. (चोवीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्याचा परिणाम असावा.)

तर खरं एकदाच लिहून टाकतो. लग्नात तू भावनाच्या हातात घातलेल्या पाटल्या घरात नाहीत. चोरीला गेलेल्या नाहीत, विकलेल्या नाहीत. तीन वर्षांपूर्वी मी त्या इथल्या एका पतसंस्थेत गहाण टाकल्या. आता चष्मा पूस, घोटभर पाणी पी आणि मगच पुढं वाच.

कशासाठी टाकल्या म्हणशील, तर आजारपण नाही की शिक्षण नाही. आपल्याकडे आहेर माईकवरून पुकारतात, ही माझ्या घराला लागलेली वाळवी आहे. 'विवेक सर, पाचशे एक' असं पुकारलं की पाठोपाठ 'भाऊसाहेब, एक हजार एक' येतं. मग मी एखाद्या पोराहाती आणखी हजार पाठवतो आणि नाव पुन्हा घ्यायला लावतो. लग्न, बारसं, घरभरणी, क्रिकेटचा चषक, कुठलीही यादी येवो, माझा आकडा शेजारच्या आकड्यावर एक पायरी चढून बसतो. शिवाय किरकोळ खरेदी. सात हजारांचा मासे पकडायचा गळ घेतला. ज्या गावात मासळीवाली दारात येऊन टोपली उतरवते, त्या गावात राहून मी दिवेआगरच्या पुळणीवर वर्षभर उभा राहिलो. एक शेंगटी लागली, तिनं अंगठ्याला काटा मारला आणि इंजेक्शनचे दीडशे वेगळे झाले.

जानेवारीत मैत्रीनं सगळी देणी वहीवर मांडली. पोरीनं अकरावीला कॉमर्स घेतलं तेव्हा मी विरोध केला होता, तो का केला होता ते त्या दिवशी कळलं. शिक्षकांच्या सोसायटीचं कर्ज, पाटल्या, क्रेडिट कार्ड, फोनचे हप्ते आणि किराणा मिळून चार लाख अठरा हजार झाले. पोरीनं आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. त्या दिवसापासून पगाराचं कार्ड भावनाकडे आणि मला रोजचे पन्नास रुपये. त्यात चहा बसतो. चहा पाजणं बसत नाही, आणि दुसऱ्याला चहा न पाजता मास्तरकी करणं किती अवघड असतं, हे माझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

आता मुख्य घोटाळा ऐक. माघ पौर्णिमेला विहारात सभा होती. वादळात उडालेले पत्रे अजून धड बसलेले नाहीत, त्यासाठी दान गोळा करायचं होतं. माईक आपल्या मंडळाच्या सदाकडे. (तोच सदा, ज्याला माईक दिला की परत घ्यायला दोन माणसं लागतात.) एरवी मी पाच हजार एकच्या खाली उतरत नाही. या वेळी खिशात आठवडाभर दुपारचा चहा सोडून जमवलेले एकशे एक होते. ते चौथ्या घडीपर्यंत दुमडून सदाच्या मुठीत कोंबले आणि कानात सांगितलं, 'नाव घेऊ नकोस रे बाबा.' मला वाटलं, सुटलो.

सदानं माईक तोंडाशी धरला आणि गहिवरून सांगितलं की आपल्यातल्याच एका दात्यानं नाव न घेण्याच्या अटीवर दान दिलंय, आकडाही सांगू नका असं त्याचं म्हणणं आहे. (असं मी काही म्हणालो नव्हतो.) झालं, शंभर माना माझ्याकडे वळल्या. मी लाजेनं खाली बघितलं, तर लोकांना तो विनय वाटला. पहिल्या टाळ्या बायकांच्या बाजूनं आल्या. आत्या, तुझ्यापासून काय लपवू, बरं वाटलं. पाच हजार एक देऊन कधी वाटलं नव्हतं एवढं बरं वाटलं.

रात्रीपर्यंत माझे एकशे एक अकरा हजार झाले होते आणि दुसऱ्या दिवशी बाजारात पंचवीस. सकाळीच किराणावाला रितेश दुकानाच्या पायरीवरून म्हणाला, 'सर, पत्र्यांना पंचवीस हजार देताव, आन् माझे सहा हजार दोनशे तेवढे जड झाले व्हय?' खरं सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर उधारी मागतात. मी 'बघतो' म्हणून सटकलो. मग दोघं जण उसने मागायला येऊन गेले. त्यातल्या एकाला मी 'पुढच्या महिन्यात या' म्हणालो, म्हणजे माझा आजार किती मुरलाय ते बघ. मार्चमध्ये मंडळाची माणसं घरी आली. यंदा जयंतीचा स्वागताध्यक्ष मी व्हावं असा एकमताचा ठराव झालेला. स्वागताध्यक्षानं संध्याकाळच्या जेवणाचा खर्च उचलायचा ही आपली रीत, म्हणजे तीस हजार कुठं गेले नाहीत. भावना आतून भांडी आपटत होती. ती खूण मला कळते, पण अध्यक्ष शब्द ऐकला की माझी मान आपोआप हलते. मी हो म्हणालो.

त्याच आठवड्यात पतसंस्थेची नोटीस आली. व्याज धरून एकाहत्तर हजार, एकतीस मार्चपर्यंत भरा, नाहीतर पाटल्यांचा लिलाव. मी शाळेत होतो, नोटीस भावनानं घेतली. जेवणं होईस्तोवर तिनं विषय काढला नाही. मग म्हणाली, 'अहो, दर लग्नात मी सांगते, पाटल्या घट्ट होतात म्हणून घातल्या नाहीत. आता बायका विचारायला लागल्यात, मग वाढवून का घेत नाहीस? त्यांना काय सांगू तेवढं सांगा.' एवढंच बोलून ती ताटं उचलायला लागली. आत्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षं माझं नाव माईकवरून गाजत होतं आणि त्या प्रत्येक मांडवात ही बाई माझ्यासाठी खोटं बोलत बसली होती, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या सभेत मी उभा राहिलो. दान एकशे एकच होतं, माझ्यावर चार लाख अठरा हजार कर्ज आहे, बायकोचं सोनं गहाण आहे आणि जेवण मला झेपणार नाही, असं घडाघडा सांगून खाली बसलो. मग सदानं (माईक नसताना, हे विशेष) हळूच सांगितलं, 'सर, माझेपण सव्वादोन लाख हायेत.' मग कोपऱ्यातून दीड लाख आले, मागून तीन. जो तो आपापला आकडा सांगायला लागला. सगळ्यांत वरचा आकडा माझाच, म्हणून मला उगाच थोडं ताठ वाटायला लागलं होतं, तेवढ्यात एका डंपरवाल्यानं अकरा लाख सांगितले आणि मी पुन्हा खाली आलो. शेवटी ठराव झाला की यापुढं नुसतं नाव पुकारायचं, आकडा नाही. जयंतीचं जेवण घराघरांतून तांदूळ-डाळ गोळा करून झालं आणि दरवर्षीपेक्षा चांगलं झालं. स्वागताध्यक्ष मीच राहिलो. (पद सोडा असं कुणी म्हणालं नाही, मीही विषय काढला नाही.)

पतसंस्थेत पूनम मॅडम म्हणून बाई आहेत. भावना आणि मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो. महिना आठ हजार नियमित भरले तर लिलाव थांबवतो, असं त्यांनी लिहून दिलं. दोन हप्ते गेले, दोन्ही पावत्या मैत्रीनं वहीत चिकटवल्यात. गळ विकला, अडीच हजार आले, ते रितेशला दिले. क्रेडिट कार्ड मी स्वतः कात्रीनं कापलं. (त्याचं देणं कापलं जात नाही, हे मैत्रीनं नंतर सांगितलं.) सगळं सुरळीत गेलं तर पाटल्या वर्षअखेरीला हातात येतील.

गुडघ्यांना जप. जिना सारखा चढउतर करू नकोस. अमिषाला आशीर्वाद सांग. तुझी नात नवरी व्हायच्या वयाची झाली हे अजून खरं वाटत नाही.

तुझा भाचा,
विवेक

ता. क. पैसे पाठवू नकोस. तुझा हात कपाटाकडे गेला असेल, तो मागे घे. मी पुढच्या पत्रात स्वतःच मागितले तरी पाठवू नकोस, मला ओळखतेस ना.

ता. क. दोन. ज्यासाठी पत्र लिहिलं ते आता लिहितो. चोवीस तारखेला अमिषाच्या लग्नाला आम्ही येतोय, आहेर दोनशे एक. भावनाच्या हातात पाटल्या नसतील. तुला हे पत्रानं कळलेलं असेल, म्हणून तू प्रेमानं गप्प बसशील आणि बाकीच्या बायका तिलाच विचारतील. तर गप्प बसू नकोस. सगळे नातेवाईक असताना तुझ्या नेहमीच्या आवाजात विचार, 'विवेक, भावनाच्या पाटल्या कुठं हायेत रे?' मी सांगेन. हे मला एकट्याला सुरू करता येत नाही, एवढं माझ्यासाठी कर.

ता. क. तीन. आत्या, मी भावना. पत्र पाकिटात घालायच्या आधी यांनी मला वाचायला दिलं. तुम्ही विचारा, पण जेवणं झाल्यावर विचारा. आधी विचारलंत तर हे जेवायचे नाहीत. ते सांगत असतील तेव्हा मी शेजारीच उभी असेन, आणि हातांवर पदर घेणार नाही.