बोलती डबी आणि माझी घंटा

बारक्यास,

ताईकडून पोटभर आशीर्वाद, आणि दोन महिने फोन नाही म्हणून थोडा रागही. तुझी कंबर कशी आहे? दिवसभर बसून धरलेली कंबर चालल्याशिवाय सुटायची नाही, हे सांगून मी थकले. आम्ही ठीक आहोत. म्हणजे कालपासून ठीक आहोत. त्याआधी दोन आठवडे घास गोड लागत नव्हता, तेच सांगायला बसलेय. (चौथीपर्यंतचं अक्षर आहे, लावून वाच.)

झालं असं, की आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी पहिलीच्या वर्गासाठी बोलती डबी घ्यायचं काढलं. आपण तोंडाने सांगायचं, ती पाढे म्हणणार, गोष्टी सांगणार. तिथवर माझी ना नव्हती. पण पुढे म्हणाल्या, मावशी, घंटाही तीच देईल, तुम्ही सकाळची झाडलोट करून घरी जा. एकोणीस वर्षं त्या लोखंडी तुकड्यावर मी टोले देतेय, आणि मला अर्ध्या दिवसावर आणणार कोण, तर एक डबी.

दुकानदाराने पारखायला तीन दिल्या. पहिलीला ओरडून उठवावं लागे. वर्गाच्या बाईंचा घसा दोन दिवसांत बसला. (असली ठोंबी वर्गात आधीच चार आहेत.) दुसरी कुणाचंही ऐकायची. एका पोराने हत्ती कसा ओरडतो विचारलं, मग बाकीच्या एकोणचाळीस जणांनी एकेक जनावर वाटून घेतलं आणि बेरजेचा तास जंगलात गेला. तिसरी मात्र गुणाची. हळू बोललेलं ऐके. व्हरांड्यातल्या भोंग्याला जोडली, तर मिनिटाचा फरक न करता घंटा देई. मी माझी पिशवी भरायला घेतली होती.

काल पालकांची बैठक चालू, दुसरा तास अर्ध्यावर, आणि तिने शाळा सुटल्याची घंटा दिली. सगळी पोरं दप्तरं घेऊन फाटकाशी, पालक खिडकीत, मोठ्या बाई एका पायात चप्पल घालून धावतायत. ती फौज परत वर्गात कोंबायला टोले कुणी दिले? मी. संध्याकाळी निकाल लागला. तिसरी डबी ठेवायची, पण गोष्टींपुरती. तिचा कान बंद करायचं बटण वर्गाच्या बाईंकडे, घंटा माझ्याकडे. जीव भांड्यात पडला बघ.

तुझी ताई

ता.क. ती घंटा द्यायला मीच सांगितलं होतं. फरशी पुसता पुसता, हळूच. हे तुझ्या बायकोला वाचून दाखवू नकोस. आता कळतंय, की कोण काय बोललं ते त्या डबीत साठून राहतं. तू लोकांचे फोन उघडून नीट करतोस, तर पुढच्या रविवारी ये आणि माझं तेवढं पुसून दे.

आणखी एक. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात मोठ्या बाई येऊन गेल्या. त्यांनी डबीतलं माझं बोलणं काल दुपारीच ऐकलं होतं, म्हणजे निकाल देण्याआधी. म्हणाल्या, मावशी, पुन्हा असं काही करायचं असेल तर पालक नसताना करा. तेव्हा पुसायची घाई नाही. तरी ये. खेळाचे मास्तर माझ्यामागे काय बोलतात, ते तिच्यातून काढून हवंय.