अलार्म, दोन मुलं आणि माझ्या चार पाट्या

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि भाऊजी अजून अख्ख्या घराला पेपर वाचून दाखवतात का, ते कळव. इकडे सगळे सुखरूप आहोत. (हा शब्द मुद्दाम वापरला आहे.)

घरमालकांनी स्वयंपाकघराबाहेर छताला धुराचा अलार्म बसवला. तो वाजला की काय करायचं, हे मुलांना शिकवायचं काम हिने माझ्यावर सोपवलं. थोरला पाच वर्षांचा, धाकटी तीन. मी पडलो पाट्या रंगवणारा. कुठल्याही संकटावर पाटी हाच उपाय, असं माझं मत. दोन दिवस खपून चार पाट्या रंगवल्या : "रांगत जावे", "थेट फाटकापाशी थांबावे", "कोणतीही वस्तू सोबत घेऊ नये" आणि "पुन्हा आत जाऊ नये". अक्षर असं उतरलं की (आपली स्तुती आपण करू नये, पण करतो) एखाद्या मोठ्या कचेरीत शोभावं. शेवटचा खिळा ठोकून झाल्यावर ही म्हणाली, "छान झाल्यात. पण दोघांनाही वाचता येत नाही."

मग तालीम सुरू केली. मी स्टुलावर चढून अलार्मचं बटण दाबायचं आणि मुलांनी रांगत फाटक गाठायचं. थोरला पहिल्याच दिवशी फाटक ओलांडून शेजारच्या शिंप्याच्या दुकानात रांगत शिरला आणि मापं घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या पायांतून पलीकडे निघाला. धाकटीचं मात्र वेगळंच. आवाज झाला की ती पलंगाखाली जाऊन कानांवर हात ठेवून बसायची. ताई, तूच सांग, खऱ्या धुरात ती अशीच बसली तर? म्हणून रोज मीही पलंगाखाली शिरू लागलो. बटण थोरला काठीने दाबायचा (त्याला ते काम फार आवडलं, दिवसातून अकरा वेळा), आणि आम्ही बापलेक रांगत बाहेर. नवव्या दिवशी मी पलंगाखालीच अडकलो होतो आणि ती एकटी फाटकाशी पोचली होती. माझे डोळे भरून आले. धूळही बरीच होती.

परवा खरोखरच धूर झाला. दूध करपलं, त्यावरचं फडकं पेटलं. (दूध कोणी विसरलं, त्यात आपण शिरू नये.) अलार्म वाजताच धाकटी बाहुली टाकून रांगत निघाली, मागे थोरला, मागे ही. फाटकाशी हिने डोकी मोजली, तर एक कमी. तेव्हा धाकटी गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडली, "बाबा! बाहेर ये आधी!"

मी बाहेर आलोच होतो गं. पण उंबऱ्यावरून मागे पाहिलं, तर "पुन्हा आत जाऊ नये" ही पाटी तिरकी दिसली.

फडक्यावरच निभावलं. धाकटीने मात्र माझ्याशी अबोला धरला आहे, आणि थोरला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "बाबांना अजून येत नाही."

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. लहानपणी मी माळ्यावर दडून बसलो की तू खालून एकदाच ओरडायचीस आणि मी असेन तसा खाली यायचो. ते ओरडणं फोनवर रेकॉर्ड करून पाठव. अलार्मशेजारी बसवून घेतो. मुलांना त्याची गरज नाही.

आणखी एक. पाटी अजून तिरकीच आहे. धाकटी तिला हात लावू देत नाही.