पाटीवरची दोन अक्षरं

प्रिय एनिडताईस धाकट्या हेस्टरचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही दोघं अजून घरातच आहोत, आणि ‘अजून’ हा शब्द मी मुद्दाम लिहिलाय. (फोन केला असता, पण फोन जिन्याखाली आणि आमच्या नवरोबाचे, विल्फचे, कान सगळीकडे.)

आमच्या गेस्ट हाउसला विल्फने ‘सीस्केप’ नाव दिलं तेव्हा तू पोट धरून हसली होतीस. समुद्राचा देखावा म्हणे! न्हाणीघरात स्टुलावर चढलं तरी समोरच्या बंगल्यांची धुराडीच दिसायची. मागे ऑर्मरॉड नावाचे एक म्हातारे शाळामास्तर उतरले होते. न्याहारीच्या अंड्याला हात न लावता त्यांनी विचारलं, “समुद्र कुठाय हो?” विल्फने काट्याने भिंतीवरचं चित्र दाखवलं (तेच ते, ज्यातल्या लाटा मला कोबीचे गड्डे वाटतात). मला वाटलं, मास्तर आता भडकणार. पण ते गंभीर होऊन म्हणाले की या शब्दाचा पहिला अर्थ समुद्राचं चित्र असाच आहे, खिडकीतला समुद्र हा अर्थ मागाहून आला, तेव्हा पाटी खोटी नाही. झालं! तेव्हापासून तक्रार करणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला विल्फ शब्दार्थ शिकवतो.

ताई, तो मागाहूनचा अर्थ आता दाराशी आलाय. आमचा कडा नुसता मातीचा, लाटांनी ढासळणारा. या हिवाळ्यात समोरचे बंगले एकामागून एक खाली गेले. शेवटचा डॉसनबाईंचा. बाई आधीच मुलीकडे राहायला गेल्या होत्या म्हणून वाचल्या, पण त्यांची गुलाबाची झाडं गेली (आणि त्यांनी उसनी नेलेली माझी इस्त्री). आता जेवणाच्या खोलीतून अख्खा समुद्र दिसतो, करडा, आ वासलेला. फडताळातल्या कपबश्या आपोआप किणकिणतात. मला फार भीती वाटते गं. आणि विल्फ? त्याने खिडक्या पुसल्या! म्हणाला, “इतकी वर्षं लोक समुद्र मागत होते. आता आला, तर तू रडतेस?”

“तो दिसायला नाही आला, विल्फ. न्यायला आलाय!”

“तू म्हणजे ना, दूध उतू गेलं तरी प्रलय आला म्हणशील.”

कौन्सिलचा माणूस घर सोडा म्हणून सांगायला आला, त्यालाही याने चहा पाजून शब्दाचे दोन्ही अर्थ समजावले. तो बिचारा कड्याकडे पाठ करून बसला होता, आणि चहा अर्धा टाकून गेला.

परवाच्या वाऱ्यात तर कहरच झाला. पाटीवरच्या लाकडी इंग्रजी अक्षरांतलं पहिलं ‘एस’ आणि तिसरं ‘ए’ गायब! उरलेली अक्षरं जुळवून वाच (कागदावर लिहून बघ हवं तर). एस्केप. म्हणजे पळा! मी पाव घेऊन येत होते, फाटकातूनच विल्फला हाका मारल्या. विल्फ म्हणाला, “वारा आहे, अक्षरं उडायचीच,” आणि शीळ घालत आत गेला.

भाऊजींना नमस्कार, पोरांना पापे.

तुझी घाबरलेली,
हेस्टर

ता.क. खरं काम राहिलंच. विल्फ समुद्राला भीत नाही, पण कुणाचा नळ गळतोय म्हटलं की पाना घेऊन धावतो. तेव्हा तुझे नळ गळताहेत असं त्याला कळव. सगळे गळताहेत असंच कळव. एकदा तुझ्याकडे लीड्सला आला की मी त्याला परत जाऊ द्यायची नाही.

आणखी एक ता.क. नळांचं राहू दे. आपली तयारी असावी म्हणून पलंगाखालची बॅग ओढली, तर ती भरलेली! त्याचे पायमोजे, माझा लोकरी गाऊन, आणि गाऊनच्या घडीत ‘एस’ आणि ‘ए’, स्क्रूंसकट. वारा स्क्रू काढून पुडीत बांधून ठेवत नाही, ताई. ‘पळूया’ हे त्याच्या तोंडून निघेना, म्हणून त्याने पाटीला बोलायला लावलं. मी बॅग होती तशी आत सरकवली. तू मागची खोली झाडून ठेव, बेकरीच्या भिंतीकडे खिडकी असलेली, जिथून काही म्हणजे काही दिसत नाही ती. आम्ही दोघं शनिवारी येतोय. मी त्याला एवढंच सांगणार आहे की मला भीती वाटते, मला घेऊन चल.