टिकलीएवढं भोक

मंगळवार, संध्याकाळ. पेरुंगुडी.

"टिकलीएवढं तर भोक, त्याला आठ दिवस झोपून राहायचं?" सासूबाई नणंदेला फोनवर सांगत होत्या, मला ऐकू येईल अशा बेताने.

चूक माझीच. डॉक्टरांनी तमिळमध्ये सगळं समजावलं होतं. मांडीला पोट्टूएवढं, म्हणजे टिकलीएवढं भोक पाडून बारीक नळी घालायची, पडद्यावर बघत बघत गर्भाशयापर्यंत न्यायची आणि गाठींचा रक्तपुरवठा तोडायचा. घरचे घाबरतील म्हणून मी टिकली तेवढी सांगितली. भोग आता! ओटीपोटात कळांवर कळा येताहेत, पण टाके नाहीत म्हणजे दुखणंच नाही?

मघाशी सासूबाई खोलीत डोकावल्या. कशी आहेस वगैरे काही नाही, नजर थेट कपाळावर.

"टिकली कुठंय?"

"मांडीला आहे," म्हटलं.